शेवंताकाकू मेंबर

शेवंताकाकू मत मागायला हात जोडून कधी कोणाच्या दारात गेल्या नाहीत. त्या शेतात यायच्या. आम्ही बाया कापूस वेचत असलो की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चप्पल काढून ठेवायच्या, एखादीच्या पातीत, तिच्या वाट्याच्या ओळीत, शिरायच्या आणि बोलत बोलत वेचायला लागायच्या. वेचलेला कापूस स्वतःच्या ओटीत नाही, जिची पात तिच्या ओटीत. आम्हाला मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे काकू पातीत आल्या की कोणालाही बरंच वाटायचं. थोडा वेळ हिच्या पातीत, थोडा वेळ तिच्या. निघताना म्हणायच्या, "यंदा मी उभी हाये. निशाणी शिट्टी हाये माही." बस, झाला प्रचार.

आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक बहुतेक वेळा कापूस फुटल्यावरच लागते. पुढारी लोक गाडीवर भोंगा बांधून गल्लीतून फिरायचे तेव्हा गल्लीत कोंबड्या आणि म्हातारी माणसं तेवढी असायची. बाया सगळ्या शेतात. हे काकूंच्या ध्यानात आलं होतं, भोंगेवाल्यांच्या नाही.

एकदा समोरच्या पॅनेलनं तक्रार केली की शेवंताबाई मतदारांना कापूस वाटतात. तालुक्याहून, नेरहून, एक साहेब चौकशीला आले. काकू अंगणात तूर झोडत होत्या. साहेबांनी विचारलं तसं त्या म्हणाल्या, "साहेब, कापूस शेतवाल्याचा, ओटी त्या बाईची. माहे नुसते हात होते." साहेबांनी वही उघडली आणि हे मी लिहू तरी कसं, म्हणाले. काकूंनी त्यांना चहा पाजला आणि निघताना सांगितलं, की हा चहा वाटला म्हणून लिहू नका, तुम्ही काही आमच्या वॉर्डाचे मतदार नाही.

काकूंचं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळल्या झाडांचं, कुंपण. विहाराजवळचा आमचा वॉर्ड आणि नाल्यापलीकडचा बंजारा तांडा मिळून मतदानाचा एकच वॉर्ड होता. काकूंचे मालक लवकर गेले. दोन लेकरं त्यांनी मजुरीवर वाढवली. मुलगी यवतमाळला दिली, मुलगा दिनेश त्यांच्याजवळ. काकू उंच होत्या, चालायच्या भरभर, आणि बसायच्या मात्र अशा की उठवायची कोणाची हिंमत होत नसे. ग्रामसभेत बाया मागे, भिंतीला टेकून बसत. काकू सरपंचाच्या टेबलासमोर पहिल्या रांगेत, जमिनीवर मांडी घालून. ग्रामसेवक भराभर वाचायला लागला की त्या हात वर करून म्हणत, "थांबा. मले समजलं नाही." तो पुन्हा वाचायचा. त्या पुन्हा म्हणायच्या. शेवटी तो बिचारा शाळेत शिकवल्यासारखा एकेक शब्द सुटा करून वाचायचा. एकदा मी घरी येताना विचारलं की खरंच समजलं नव्हतं का. त्या म्हणाल्या, "मले समजलं होतं वो. मांगच्या बायाइले आयकूच नव्हतं आलं."

आमच्या गावच्या निवडणुकांचा सगळा इतिहास मला काकूंनीच सांगितला, दुपारच्या वेळी, कुंपणाच्या त्या बाजूला उभं राहून. त्या सून म्हणून आल्या तेव्हा मतदान होतच नसे. चार मोठी माणसं चावडीत बसून नावं ठरवत. आमच्या वॉर्डाचा मेंबर कोण हे आमच्या वॉर्डाला गुलाल उधळत लोक दारावरून गेले की कळायचं. मग दोन गट पडले, तेव्हा कागदावर शिक्का मारायचं मतदान आलं. मग बायांच्या जागा आल्या. पहिल्या बाई मेंबरचं नाव भिंतीवरच्या पाटीवर लागलं आणि खुर्चीवर तिचा नवरा बसला. काकू हे सांगताना हसत नसत. "माह्याकडे नवरा नव्हता," त्या म्हणायच्या, "म्हणून मले सोताच बसा लागलं."

पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा पडल्या. दुसऱ्यांदा चिन्ह मिळालं शिट्टी. विधवा बाई, अर्ध्याच्या वर केस पांढरे, आणि चिन्ह शिट्टी. पारावर फार हसले लोक. कोणी म्हणालं, बदलून घ्या, कपबशी तरी मागा. काकू नेरच्या बसस्टँडवरून खरीखुरी शिट्टी घेऊन आल्या आणि गळ्यात दोरीनं अडकवली. पारावरून जाताना हसणाऱ्यांकडे पाहून एकदा जोरात वाजवली. पुढं पारावरचं हसू आपोआप कमी झालं.

त्या साली मशीन नवीन होतं. आमच्या वॉर्डातून तीन मेंबर निवडायचे, म्हणजे प्रत्येकानं तीन बटनं दाबायची. बाया एक दाबून बाहेर यायच्या, आणि आतले साहेब ओरडायचे, मत अर्धवट राहिलं म्हणून. काकू तांड्यात गेल्या. तिथं त्यांनी चुलीचे तीन दगड मोकळे केले आणि बायांना एकेक करून बोलावलं. पहिल्या दगडावर बोट, दुसऱ्यावर बोट, तिसऱ्यावर बोट. तिसऱ्यावर बोट टेकलं की काकू शिट्टी वाजवायच्या. शिट्टी ऐकल्याबिगर बाहेर निघायचं नाही, असं सांगितलं. पहिला दगड आपला, पण दुसऱ्या-तिसऱ्यावर तुमच्या मनानं बोट ठेवा, हेही सांगितलं. तांड्यातल्या कमलीबाई दुसऱ्या पॅनेलकडून त्याच वॉर्डात उभ्या होत्या, वेगळ्या जागेवर. त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "शेवंताबाय, तू तं माहापण प्रचार करून राह्यली." काकू म्हणाल्या, "दगड तीन हायेत, मी एकटी किती दगडांवर बसू?"

दोघीही निवडून आल्या.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

तांड्याला मतदानाची स्वतःची खोली नव्हती. नाला ओलांडून गावात यायचं. चालत यायचं म्हटलं तर वेचणीची अर्धी मजुरी जायची, म्हणून पुढाऱ्यांचे ट्रॅक्टर यायचे. ज्याच्या ट्रॅक्टरमध्ये बसलं त्याचंच मत, असं धरून चालायचे. ट्रॅक्टरमधून उतरवून बायांना गोठ्यात बसवून ठेवायचे, आणि नंबर आला की कोणतं चिन्ह ते कानात सांगून सोडायचे. जी स्वतःच्या मनानं चालत आली ती कामं आटोपून संध्याकाळी यायची, आणि तेव्हा गेट लागत असायचं. काकूंना हे फार लागायचं. तांड्यात बूथ पाहिजे, हे त्यांचं एकच मागणं होतं.

वसंतभाऊ आमच्या गावचे मोठे पुढारी. त्यांचं कृषी केंद्र होतं, बी-खताचं दुकान. दिनेश त्यांच्याच दुकानात कामाला होता. त्या शिट्टीच्या निवडणुकीआधी वसंतभाऊ काकूंना आपल्या पॅनेलमध्ये घ्यायला आले तेव्हा काकूंनी बूथचंच विचारलं. भाऊ मोबाईलवर बोलता बोलता म्हणाले, "होऊन जाईल काकू." तेवढ्यावर काकू उभ्या राहिल्या.

तेव्हा सरपंच लोकांच्या मतानं नाही, मेंबरांच्या मतानं ठरायचा. मेंबर नऊ. वसंतभाऊंकडे काकू धरून पाच, दुसरीकडे चार. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव होती. भाऊंनी आपली सून वैशाली पुढं केली, समोरच्यांनी कमलीबाई. एक हात इकडचा तिकडे झाला की सगळं बदलणार. अशा वेळी आमच्याकडे मेंबरांना फिरायला नेतात. निकाल लागल्यापासून सरपंचाच्या सभेपर्यंत त्यांना गावात ठेवतच नाहीत, म्हणजे कोणी फोडू शकत नाही. दोन गाड्या आल्या. सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत जमा झाले. बाई मेंबरांसोबत त्यांचे नवरे. काकू म्हणाल्या, मी सुमनला घेते. सुमन म्हणजे मी. भाऊ जरा घुटमळले, तेव्हा म्हणाल्या, "हे चार माणसात तोंड उघडत नाही. हिच्यापासून तुमाले कायचा धोका?"

काकूंनी ती सहल पुरती उपभोगली. माहूरचा गड पाहिला, केळापूर पाहिलं, धाब्यावर थांबायला लावून आलुबोंडे खाल्ले, खिडकीची जागा सोडली नाही. दुसऱ्याच्या पऱ्हाटीची उंची गाडीतूनच जोखायच्या. बाकीचे मेंबर कंटाळले होते, त्यांना घरची ओढ लागली होती. वैशालीला घाटात उलट्या झाल्या, तेव्हा तिचं कपाळ काकूंनीच धरलं. पाणी पाजून झाल्यावर विचारलं, "पोरी, तुले सरपंच व्हायचं हाये काय?"

वैशाली म्हणाली, "मामाजी म्हणतात." मामाजी म्हणजे तिचे सासरे, वसंतभाऊच.

"तुले काय वाटते थे सांग."

"मले आता घरी जावं वाटते, काकू."

बूथचं काकूंनी भाऊंना दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, आधी सरपंच होऊ द्या. दुसऱ्यांदा म्हणाले, ते तहसीलचं काम आहे, आपल्या हातात नसतं. त्यानंतर काकूंचं आलुबोंडे मागायचं बंद झालं, ते मला कळलं.

सभेच्या आदल्या दिवशी आम्ही कळंबला आलो. चिंतामणीचं देऊळ जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. भाऊंनी नारळ घेतला. एकेका मेंबरनं नारळावर हात ठेवायचा आणि वैशालीलाच हात वर करीन असं म्हणायचं. खाली ते सुरू होतं. काकू वरच्या पायरीवर बसल्या होत्या, मी त्यांच्या बाजूला. बाकीच्यांचं झाल्यावर भाऊ नारळ घेऊन वर आले.

"या काकू, ठेवा हात."

"भाऊ, माही शपथ अठी लागत नाही. आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोकं."

भाऊंच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. दरवर्षी आमच्या वॉर्डात जयंतीला येऊन हार घालणारा माणूस, गावातल्या प्रत्येक घराचं मत तोंडपाठ असणारा, आणि सगळ्यांना बांधून घ्यायला कळंबला घेऊन आला. ते हसले. म्हणाले, असं करू, रस्त्यात एखादं विहार लागेल तिथं गाडी थांबवतो, तिथं घ्या.

काकू म्हणाल्या, "तठी शपथ नाही घेत, भाऊ. खोटं बोलणार नाही, असं शील घेतो आमी तठी. थे काही गाडी थांबवून घ्याचं नसते, रोज पाळाचं असते. तुमाले काय विचाराचं थे अठीच विचारा. मी खरं सांगीन."

भाऊ तसेच उभे राहिले, नारळ हातात. खालून बाकीचे मेंबर वर पाहत होते. विचारलं असतं तर काकूंनी सांगितलं असतं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं असतं. भाऊंना उत्तर माहीत होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण त्यांनी विचारलं नाही. "राहू द्या काकू, तुमच्यावर भरोसा हाये आपला," असं म्हणून खाली गेले आणि नारळ फोडला.

परतीच्या रस्त्यात काकूंनी खिडकीची जागा मला दिली. गाव जवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, "त्यानं विचारलं असतं तं बरं झालं असतं, सुमन. आता उद्या दिनेशचं कसं होते काय माहीत." त्यांचा आवाज तसा मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खिडकीला माणसं चिकटली होती. मी बायांच्या मागून पाहत होते. तहसीलचे साहेब सभा चालवायला आले होते. त्यांनी वैशालीसाठी हात वर करायला सांगितले. चार हात वर गेले. भाऊंचा माणूस खिडकीतून खाकरला. काकूंचे दोन्ही हात मांडीवर. साहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं. मग कमलीबाईंचं नाव घेतलं, आणि काकूंचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, कोपर ताठ करून, शाळेत हजेरीला करतात तसा. समोरच्या चौघांनाही विश्वास बसेना. त्यांचे हात नंतर वर आले.

बाहेर आल्यावर भाऊंनी काकूंना गाठलं. भोवती गर्दी होती.

"माह्या गाडीत फिरल्या काकू, माह्या ताटात जेवल्या."

"कळंबले मी म्हटलं होतं, विचारा. तुमी विचारलं नाही."

भाऊंनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचे मेंबर खाली पाहत होते, कारण त्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. "दिनेशले उद्यापासून पाठवू नका," एवढं बोलून ते गेले.

दिनेश त्या दिवशी फार बोलला. कुंपणातून सगळं ऐकू येत होतं. माय, तू माह्या पोटावर पाय दिला, म्हणाला. काकू त्याला म्हणाल्या की बूथ देतो हे भाऊनं तोंडानं सांगितलं होतं, त्यानं शब्द ठेवला असता तर माझा हात त्याच्याचकडे होता. मग म्हणाल्या, "नोकरी तुही होती बापा, पण हात माहा होता." त्यानंतर दिनेश कितीतरी दिवस आईशी बोलला नाही. काकू त्याचं ताट झाकून ठेवत, आणि तो जेवून ताट धुऊन ठेवी. तेवढाच संबंध.

कमलीबाई सरपंच झाल्या आणि पहिली ग्रामसभा त्यांनी तांड्यात घेतली. बूथचा ठराव झाला. पण ठराव झाला म्हणून काही खोली मिळत नसते. तहसीलला खेटे सुरू झाले. तिथं एक साहेब सांगायचे की अंतर कमी आहे, मतं कमी आहेत, नियमात बसत नाही. काकू समोरच्या बाकावर बसायच्या आणि म्हणायच्या, "मले समजलं नाही." एकदा त्या नेरच्या बसची वाट पाहत फाट्यावर उभ्या होत्या. दिनेश तोवर कापूस बाजारात मालाची गाडी चालवायला लागला होता. तो मोटारसायकलवरून जात होता. पुढं जाऊन थांबला, मागं वळून पाहिलं नाही, नुसता थांबला. काकू जाऊन मागं बसल्या. त्यानंतर तहसीलला त्यांना तोच न्यायचा.

शेवटी एक नवे साहेब आले. काकू त्यांना म्हणाल्या, नकाशात अंतर कमी दिसते, तुम्ही एकदा आमच्यासोबत चालून पाहा. साहेब आले. पावसाळ्याचे दिवस होते, आणि नाल्यात पाणी होतं. काकूंनी त्यांचे बूट स्वतःच्या हातात घेतले आणि पुढं झाल्या. तांड्यात पोचेपर्यंत साहेब गुडघ्यापर्यंत भिजले. परत येताना म्हणाले की बाई, अजून एकदा लिहून द्या, मी पाठवतो.

पुढं सरपंच थेट लोकांच्या मतानं निवडायचा नियम आला, मधे तो बदलला, पुन्हा आला. निवडणुका लांबल्या आणि काही दिवस ग्रामपंचायतीवर प्रशासक बसला. काकू परत उभ्या राहिल्या नाहीत. गुडघे गेले होते, दमही लागायचा. वसंतभाऊ रस्त्यात भेटले की काकूंना नमस्कार करायचे, काकूही करायच्या. दोघं कळंबचं नाव काढत नसत. मागच्या उन्हाळ्यात काकूंना दवाखान्यासाठी यवतमाळला मुलीकडे नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. आम्ही सगळ्या बाया यवतमाळला गेलो, तांड्याच्याही.

पण मला त्या आठवतात त्याच्या आधीच्या मतदानाच्या दिवशीच्या. तांड्याच्या शाळेत पहिल्यांदा बूथ लागलं होतं. काकूंचं नाव गावातल्याच यादीत होतं. सकाळीच आम्ही दोघींनी गावात मत दिलं. मग त्या म्हणाल्या, चल नाल्यापलीकडे. मी त्यांचा हात धरून नेलं. शाळेपासून दूर, चुन्यानं रेषा मारली होती, तिच्या बाहेर एका दगडावर त्या बसल्या. थोड्या वेळानं पोलीस आला.

"बाई, मत झालं असन तं निघा. रेषेच्या आत थांबता येत नाही."

"मी बाहीरच हाये, बाबू. पाह्य तू."

त्यानं पाहिलं. दगड रेषेच्या बाहेर होता. "तुमचं मत अठी हाये काय?"

"नाही."

"मंग कायले बसल्या?"

"पाह्याले."

तो निघून गेला. बाया येत होत्या. कोणी कडेवर लेकरू घेऊन, कोणी स्वतःच्या गोठ्यातलं काम टाकून तशीच. ट्रॅक्टर कुठंच नव्हता. काकू एकीलाही विचारत नव्हत्या की कोणाला दिलं. इतक्यात समोरच्या घरातून एक तरुण बाई धावत निघाली, हाताला पीठ, पदरानं कपाळ पुसत रांगेत शिरली. दोन बायांनी तिला पुढं जाऊ दिलं. आत गेली, बाहेर आली, आणि आली तशी पळत परत घरात शिरली. काकू माझ्याकडे वळल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं काय सुमन," त्या म्हणाल्या, "तव्यावर भाकर टाकून आलती."

मी रेषेकडं पाहत राहिले. काकूंची नजर त्या घराच्या दारावर होती, आणि तिथून भाकरीचा खरपूस वास यायला लागला होता.